बेसमेंटमधील हवा आणि रेडॉनची चाचणी

पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीमधील मराठी घरांत बेसमेंटचे महत्त्व मोठे असते. थंडीच्या चार-पाच महिन्यांत मुले तिथेच खेळतात, मंडळाच्या नाटकाच्या तालमी आणि गाण्याच्या बैठका तिथेच होतात, गणपतीत पंगत तिथेच बसते, भारतातून आलेल्या आईवडिलांची झोपण्याची सोय पुष्कळदा तिथेच असते आणि २०२० नंतर तर अनेकांनी आपले कार्यालयही तिथेच थाटले आहे. या जागेची फरशी, रंग आणि दिवे यांवर आपण हजारो डॉलर खर्च करतो. तिथल्या हवेत रेडॉन किती आहे, हे मात्र माझ्या परिचयातील बऱ्याच कुटुंबांनी एकदाही मोजलेले नाही, आणि ज्यांनी मोजले त्यांच्यापैकी पुष्कळांनी घर विकत घेतानाच्या एका अहवालावर समाधान मानले आहे. मोजणे किती सोपे आहे आणि न मोजण्याचा धोका किती खरा आहे, हे सविस्तर सांगावे म्हणून हे लिहीत आहे.

रेडॉन हा रंग, वास आणि चव नसलेला किरणोत्सारी वायू आहे. जगातील जवळजवळ सर्व खडकांत आणि मातीत थोडे तरी युरेनियम असते. त्याचा क्षय होत होत रेडियम तयार होते आणि रेडियमच्या क्षयातून रेडॉन जन्माला येतो. या साखळीतील त्याच्या आधीची मूलद्रव्ये घनरूप असल्यामुळे खडकातच अडकून राहतात, परंतु रेडॉन हा निष्क्रिय वायू असल्याने कशाशीही संयोग न करता मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून वर सरकू शकतो. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटून जाण्यास लागणारा काळ, ३.८ दिवसांचे आहे, आणि जमिनीतून निघून घरात शिरण्यास तेवढा अवधी पुरेसा होतो. उघड्यावर आला की तो वाऱ्यात विरून जातो. अमेरिकेत घराबाहेरील हवेत त्याचे सरासरी प्रमाण दर लीटरमागे ०.४ पिकोक्युरी (पिकोक्युरी हे किरणोत्सार मोजण्याचे एकक आहे) इतके, तर घरांच्या आतील सरासरी प्रमाण १.३ पिकोक्युरी इतके धरले जाते. अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी बेकरेल प्रति घनमीटर हे एकक वापरतात; एक पिकोक्युरी प्रति लीटर म्हणजे ३७ बेकरेल प्रति घनमीटर. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा क्षय. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, घरात उपाय करण्यासाठी ठरवलेली पातळी ४ पिकोक्युरी, म्हणजेच १४८ बेकरेल आहे. त्या पातळीच्या घरात प्रत्येक घनमीटर हवेत दर सेकंदाला रेडॉनचे १४८ अणू फुटत असतात.

महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव शाळेच्या आवर्तसारणीबाहेर कधी ऐकलेले नसते आणि त्याला भूगर्भातील कारण आहे. आपला बराचसा प्रदेश दख्खनच्या बेसाल्टवर, काळ्या पाषाणावर, वसलेला आहे. बेसाल्टमध्ये युरेनियम अगदी कमी असते, साधारणपणे दशलक्ष भागांत एक भाग किंवा त्याहूनही कमी. ग्रॅनाइटमध्ये ते त्याच्या कित्येक पट असते. शिवाय आपल्याकडील पारंपरिक घराला तळघर क्वचितच असते आणि दारे-खिडक्या वर्षातील बहुतेक दिवस उघड्या असतात. महाराष्ट्रातही सर्वत्र एकच खडक आहे असे मात्र नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या काही भागांत, तसेच दक्षिण कोकणात बेसाल्टपेक्षा कितीतरी जुने ग्रॅनाइट आणि नाइस जातीचे खडक उघडे पडलेले आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि देशातील अनेक विद्यापीठे भारतीय घरांतील रेडॉनची आणि थोरियमपासून होणाऱ्या थोरॉन या त्याच्याच भावंडाची मोजणी करीत आली आहेत. तरीही पुणे किंवा नाशिकच्या हवेशीर घरातून आलेला माणूस आठ महिने खिडक्या बंद असणाऱ्या आणि अर्धा भाग जमिनीखाली असणाऱ्या घरात राहू लागतो, तेव्हा त्याच्या घराचे जमिनीशी असलेले नाते पूर्णपणे बदललेले असते, याची जाणीव त्याला कोणी करून दिलेली नसते.

विशेषतः आम्ही राहतो त्या भागात ती व्हायला हवी. पेनसिल्व्हेनियातील रेडिंग शहराजवळून निघून उत्तर न्यू जर्सीमार्गे न्यूयॉर्क राज्यापर्यंत अतिप्राचीन खडकांचा एक पट्टा जातो. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला रेडिंग प्राँग म्हणतात. त्यातील नाइस खडकांत काही ठिकाणी युरेनियम बरेच आढळते. अमेरिकेला घरातील रेडॉनची खरी ओळख याच पट्ट्याने करून दिली. डिसेंबर १९८४ मध्ये लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणारे अभियंते स्टॅनली वॉट्रस यांच्यामुळे तिथल्या किरणोत्सार तपासणाऱ्या दारावरचा इशारा वारंवार वाजू लागला. केंद्रात तोवर वीजनिर्मिती सुरू झालेली नव्हती. शोध घेतल्यावर असे दिसले की किरणोत्सारी कण ते कामावरून घरी नेत नव्हते, तर घरूनच कामावर आणत होते. बॉयरटाउनजवळच्या त्यांच्या घरातील हवेत रेडॉन दर लीटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी इतके निघाले, म्हणजे आजच्या उपाय-पातळीच्या सहाशे पटींहून अधिक. कुटुंबाला घर सोडावे लागले, घराखाली वायू काढून घेणारी यंत्रणा बसवण्यात आली आणि त्यानंतर ते परत राहायला आले. तोपर्यंत रेडॉन हा खाणींचा प्रश्न मानला जात असे. १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने घरातील रेडॉन कमी करण्यासाठी स्वतंत्र कायदा केला, त्यामागे या घटनेचा मोठा वाटा होता.

खाणींचा इतिहास बराच जुना आहे. जर्मनीतील श्नेबर्ग आणि आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या याखिमोव या गावांच्या परिसरातील खाणकामगार छातीच्या विकाराने ऐन तारुण्यात दगावतात, याची नोंद सोळाव्या शतकापासून आहे. १८७९ मध्ये हार्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी श्नेबर्गच्या मृत कामगारांची शवविच्छेदने करून हा विकार म्हणजे फुप्फुसातील घातक गाठ असल्याचे दाखवले. रेडॉनचा शोध लागायला त्यानंतर आणखी वीस वर्षे जावी लागली. विसाव्या शतकात कोलोरॅडो पठारावरील युरेनियमच्या खाणींत काम केलेल्या माणसांनी, ज्यांत अमेरिकेतील नाव्हाहो या आदिवासी समाजातील अनेक होते, हीच किंमत पुन्हा मोजली. धोका ठाऊक असूनही तिथे हवा खेळती ठेवण्याचे नियम उशिरा आले, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासातील सर्वात लाजिरवाणी वाटते. त्यांच्यासाठी भरपाईचा कायदा १९९० मध्ये झाला.

शरीरात नेमके काय घडते हे समजून घेतले की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात. श्वासाबरोबर आत गेलेला रेडॉन वायू बहुतांशी तसाच बाहेर पडतो. अपाय मुख्यतः त्याच्या क्षयातून निर्माण होणाऱ्या मूलद्रव्यांमुळे होतो. रेडॉनचा अणू फुटला की पोलोनियम तयार होते, मग शिसे, बिस्मथ आणि पुन्हा पोलोनियमचा दुसरा समस्थानिक अशी साखळी तासाभराच्या आत पुढे सरकते. ही मूलद्रव्ये घन आणि विद्युतभारित असल्याने हवेतील धूलिकणांना चिकटतात, श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात आणि तिथेच फुटतात. पोलोनियममधून बाहेर पडणारा अल्फा कण जड आणि ऊर्जावान असतो. आपल्या त्वचेच्या मृत थराला तो भेदू शकत नाही, परंतु श्वासनलिकेच्या आत असा थर नसतो. ऊतीत त्याची धाव एक दशांश मिलिमीटरपेक्षाही कमी असली, तरी तेवढ्यात तो अस्तरातील जिवंत पेशींपर्यंत पोहोचतो आणि डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तोडू शकतो. अशी दुहेरी तूट पेशीला अनेकदा नीट जोडता येत नाही. त्यातून कर्करोग होण्यास अनेक वर्षे, बहुधा काही दशके लागतात. रेडॉनमुळे खोकला येत नाही, डोके दुखत नाही, ॲलर्जी होत नाही. आपण त्याच्या संपर्कात किती आलो हे दाखवणारी कोणतीही नेहमीची रक्ततपासणी डॉक्टरांकडे नाही. म्हणून माणसाची तपासणी न करता घराची तपासणी करावी लागते.

धोका किती, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि त्याचे उत्तर भीती न दाखवता, पण काही लपवूनही न ठेवता द्यायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये रेडॉनला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. ईपीएच्या अंदाजानुसार अमेरिकेत दर वर्षी सुमारे २१,००० माणसे रेडॉनमुळे झालेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण पावतात आणि त्यातील सुमारे २,९०० जणांनी आयुष्यात कधीही धूम्रपान केलेले नसते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर रेडॉनचाच क्रमांक लागतो. खाणींतील आकड्यांवरून घरांविषयी अनुमान काढणे योग्य आहे का, अशी शंका पूर्वी घेतली जात असे आणि ती वाजवी होती. परंतु २००५ मध्ये संशोधक सारा डार्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ युरोपीय देशांतील १३ अभ्यास एकत्र केले. त्यांत फुप्फुसाचा कर्करोग झालेले ७,१४८ रुग्ण आणि तुलनेसाठी घेतलेल्या १४,२०८ व्यक्ती होत्या आणि ही सारी मोजमापे घरांतील होती. दर १०० बेकरेल वाढीमागे कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो असे त्यातून निघाले, आणि ज्यांच्या घरात २०० बेकरेलपेक्षा कमी रेडॉन होते त्यांच्यातही ही वाढ दिसली. ईपीएची ४ पिकोक्युरीची पातळी त्याही खालची आहे.

या टक्केवारीचा अर्थ मात्र नीट लावला पाहिजे. त्याच अभ्यासानुसार, आयुष्यभर धूम्रपान न केलेल्या माणसाला पंचाहत्तर वर्षे वयापर्यंत फुप्फुसाचा कर्करोग होण्याची शक्यता रेडॉन अजिबात नसल्यास ०.४ टक्के, १०० बेकरेलला ०.५ टक्के आणि ४०० बेकरेलला ०.७ टक्के इतकी असते. सिगारेट ओढणाऱ्यांसाठी हेच आकडे अनुक्रमे १०, १२ आणि १६ टक्के आहेत. म्हणजे सिगारेट न ओढणाऱ्या कुटुंबाने मध्यम पातळीचा अहवाल हाती आल्यावर रात्रभर जागे राहण्याचे कारण नाही. काही आठवड्यांत शांतपणे उपाय करावा. ज्या घरात कोणी सिगारेट ओढते, तिथे मात्र दोन्ही धोके एकमेकांना वाढवतात आणि अशा घरात मी चाचणीसाठी एक दिवसही थांबू देणार नाही. भारतातून सहा महिन्यांसाठी येणारे आईवडील बेसमेंटमध्ये झोपतात म्हणून घाबरून फोन करणारे मित्र आहेत. त्यांना मी सांगतो की बेसमेंटमधील कार्यालयात रोज नऊ तास, वर्षानुवर्षे बसणाऱ्या तुमच्या स्वतःच्या फुप्फुसांची चिंता आधी करा. संपर्काचा एकूण काळ जितका अधिक, तितका धोका अधिक.

रेडॉन हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचून बेसमेंटमध्ये जास्त सापडतो, असे अनेकजण मानतात. तो जड आहे हे खरे. तरी बेसमेंटमध्ये तो जास्त आढळण्याचे कारण इतकेच, की तो तिथूनच आत येतो. थंडीत घरातील गरम हवा वर चढून माळ्याच्या फटींतून बाहेर पडते, त्यामुळे खालच्या मजल्यावरील दाब किंचित कमी होतो आणि घर आपल्याखालील जमिनीतील हवा वर ओढू लागते. चुलीवरचे धुराडे जसे ओढ घेते, तसेच हे आहे. स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट फॅन, कपड्यांचा ड्रायर आणि फायरप्लेस ही ओढ आणखी वाढवतात. भिंत आणि फरशी यांच्या सांध्यातील फट, काँक्रीटला गेलेले तडे, पोकळ ब्लॉकच्या भिंती, पाइप आत येतात त्या जागा आणि संप पंपाचा, म्हणजे बेसमेंटमध्ये साचणारे पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचा, उघडा खड्डा, या सर्व वाटांनी जमिनीतील हवा आत येते. खासगी विहिरीचे पाणी वापरणाऱ्या घरांत थोडा रेडॉन पाण्यावाटेही येतो आणि अंघोळीच्या वेळी हवेत मिसळतो. ग्रॅनाइटच्या ओट्याविषयी मात्र लोक गरजेपेक्षा जास्त काळजी करतात. त्यातून येणारा वाटा जमिनीतून येणाऱ्या वाट्याच्या तुलनेत बहुतेक घरांत अगदी किरकोळ असतो.

या साऱ्यामुळे दोन शेजारच्या, एकाच बिल्डरने एकाच वर्षी बांधलेल्या घरांतही रेडॉनची पातळी कितीतरी वेगळी असू शकते. एकाखालची माती भुसभुशीत असेल, दुसऱ्याखाली चिकणमातीचा थर असेल. एकाचा स्लॅब, म्हणजे जमिनीवर ओतलेला काँक्रीटचा थर, तडकलेला असेल. ईपीएने १९९३ मध्ये प्रत्येक काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, तीनपैकी एका विभागात टाकणारा नकाशा प्रसिद्ध केला. धोरण ठरवण्यासाठी तो उपयोगी आहे, परंतु आपली काउंटी तिसऱ्या विभागात आहे म्हणून चाचणी टाळणे चुकीचे आहे, कारण अधिक रेडॉनची घरे तिन्ही विभागांत सापडलेली आहेत. अमेरिकेत सरासरी दर पंधरा घरांमागे एका घरात ४ पिकोक्युरी किंवा त्याहून अधिक रेडॉन आढळतो, आणि पेनसिल्व्हेनियात तर हे प्रमाण सुमारे चाळीस टक्के आहे. “आमच्या शेजाऱ्यांचा आकडा कमी आला” हे वाक्य मी सर्वाधिक ऐकले आहे. त्या आकड्यावरून आपल्या घराविषयी काहीही कळत नाही.

घरी करण्याची सर्वात स्वस्त चाचणी कोळशाच्या डबीची असते. हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन ती साधारण वीस-तीस डॉलरांना मिळते, आणि अनेक राज्यांची रेडॉन कार्यालये ती सवलतीत किंवा विनामूल्य देतात. डबीतील सक्रिय कोळसा हवेतील रेडॉन शोषून घेतो. ठरलेल्या दिवसांनी, सहसा दोन ते चार दिवसांत किंवा सात दिवसांपर्यंत, ती बंद करून प्रयोगशाळेला पाठवायची असते. पाठवण्यात दिरंगाई अजिबात करू नये. रेडॉनचे अर्धायुष्य चार दिवसांचेही नसल्यामुळे डबी आठवडाभर टेबलावर पडून राहिली तर मोजण्यासारखे फारसे काही उरत नाही. डबी ठेवण्याच्या किमान बारा तास आधीपासून आणि चाचणी संपेपर्यंत सर्व मजल्यांच्या खिडक्या आणि बाहेरची दारे बंद ठेवावी लागतात. ये-जा करण्यास हरकत नसते. घरातील जो सर्वात खालचा मजला आपण प्रत्यक्ष वापरतो, तिथे ती जमिनीपासून निदान वीस इंच उंच, खिडक्या, बाहेरची भिंत, उष्णता आणि वाऱ्याचा झोत यांपासून दूर ठेवावी. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि कपडे धुण्याची जागा टाळावी, कारण तिथला दमटपणा आणि पंखे निकाल बिघडवतात. वादळी हवामानात दोन-तीन दिवसांची चाचणी करू नये.

एवढे करूनही ही छोटी चाचणी म्हणजे त्या दोन-तीन दिवसांचे चित्र असते. रेडॉनचे प्रमाण तासागणिक, दिवसागणिक आणि ऋतूगणिक बदलते. पहाटे सहसा जास्त, दुपारी कमी, हिवाळ्यात बहुधा जास्त, खिडक्या उघड्या असतात तेव्हा कमी. म्हणूनच मला लांब मुदतीची चाचणी अधिक विश्वासार्ह वाटते. तिच्यात नव्वद दिवसांहून अधिक काळ, शक्यतो हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही येतील अशा रीतीने, एक लहानशी डबी घरात ठेवतात. आत विशिष्ट प्लॅस्टिकचा तुकडा असतो. त्यावर आदळणारा प्रत्येक अल्फा कण डोळ्यांना न दिसणारा ओरखडा उमटवतो. प्रयोगशाळेत तो तुकडा कॉस्टिक सोड्यासारख्या क्षारीय द्रावणात ठेवला की ओरखडे मोठे होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. भारतातील सर्वेक्षणांतही बहुतांशी याच तत्त्वावर चालणारी फिल्म वापरतात. वीज लागत नाही, खिडक्या बंद ठेवण्याची सक्ती नाही, आणि आपण जसे राहतो तशाच परिस्थितीतील सरासरी हाती येते. आजकाल घरात कायम ठेवण्याचे इलेक्ट्रॉनिक मापकही मिळतात. त्यांच्यामुळे हिवाळ्यातील चढउतार डोळ्यांसमोर राहतात. फक्त रोजच्या आकड्याने विचलित न होता महिन्यांची सरासरी पाहावी आणि मोठा निर्णय घेण्याआधी प्रमाणित प्रयोगशाळेच्या चाचणीशी तो पडताळून घ्यावा.

छोट्या चाचणीचा निकाल ४ पिकोक्युरी किंवा अधिक आला तर लांब मुदतीची किंवा दुसरी छोटी चाचणी करून खात्री करावी. ८ किंवा त्याहून अधिक आला तर दीर्घ चाचणीत वेळ न घालवता लगेच दुसरी छोटी चाचणी करून उपायाला लागावे. ४ च्या खाली आले म्हणजे घर निर्धोक ठरले असे समजू नये. २ ते ४ च्या दरम्यानही उपायाचा विचार करावा असे ईपीए स्वतःच सांगते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचवलेली संदर्भपातळी १०० बेकरेल, म्हणजे सुमारे २.७ पिकोक्युरी आहे. जिथे ती गाठणे शक्य नसेल तिथे ३०० बेकरेलच्या वर जाऊ नये, असे तिचे म्हणणे आहे. कॅनडातील मराठी वाचकांसाठी सांगतो, तिथली मार्गदर्शक पातळी २०० बेकरेल आहे. मी स्वतः जागतिक आरोग्य संघटनेची पातळी मानतो, कारण ती गाठणे बहुतेक घरांत तंत्रदृष्ट्या अवघड नाही.

घर विकत घेताना होणाऱ्या चाचणीविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. इन्स्पेक्शनच्या, म्हणजे घराच्या तपासणीच्या, वेळी सहसा ४८ तासांसाठी एक यंत्र बेसमेंटमध्ये ठेवले जाते. घर रिकामे असले, तर खिडक्या खरोखरच बंद होत्या का हे कोणी पाहत नाही. यंत्र तासागणिक नोंद करणारे असेल तर आकड्यांचा आलेख मागून घ्यावा. मध्येच अचानक उतार दिसला, तर दारे-खिडक्या उघडल्या गेल्याची शक्यता असते. चाचणी करणारी व्यक्ती प्रमाणित आहे का, हेही विचारावे. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात त्यासाठी राज्याचे प्रमाणपत्र लागते. आम्ही घर घेत होतो तेव्हा एका मध्यस्थाने रेडॉनच्या चाचणीचे पैसे वाचवण्याचा सल्ला दिला होता. लाखो डॉलरच्या व्यवहारात हे पैसे वाचवू नयेत. निकाल अधिक आला म्हणून घर सोडून देण्याचीही गरज नसते, कारण रेडॉन हा घराच्या दोषांपैकी सर्वात सहज दुरुस्त होणाऱ्या दोषांत मोडतो. उपायाचा खर्च कोणी करायचा हे क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या, आधी लेखी ठरवून घ्यावे आणि शक्य असेल तर यंत्रणा निवडण्याचा हक्क स्वतःकडे ठेवावा, म्हणजे विक्रेता सर्वात स्वस्त काम करून मोकळा होणार नाही.

उपायाचे तत्त्व साधे आहे. घर जमिनीतील हवा ओढते, तर घराच्या आधी आपणच ती ओढून बाहेर सोडायची. बेसमेंटच्या काँक्रीटला एक भोक पाडून खालच्या खडीपर्यंत प्लॅस्टिकचा जाड पाइप उतरवतात, तो माळ्यातून किंवा बाहेरच्या भिंतीवरून छपराच्या वर नेतात आणि वाटेत एक पंखा बसवतात. तो पंखा चोवीस तास चालू राहतो, त्यामुळे स्लॅबखालचा दाब घरातील दाबापेक्षा कमी राहतो आणि रेडॉन घरात न येता छपरावरून हवेत विरतो. पंखा राहत्या भागात किंवा बेसमेंटमध्ये कधीही बसवू देऊ नये. त्याच्या पुढच्या पाइपमधील हवा दाबाखाली असते आणि तिथे गळती झाली तर जमिनीतील रेडॉन थेट घरात पसरेल. संप पंपाच्या खड्ड्यावर हवाबंद झाकण बसवावे लागते, मोठे तडे बुजवावे लागतात, आणि क्रॉल स्पेस, म्हणजे घराखालची रांगत जाण्याइतकी बुटकी पोकळी, असेल तर मातीवर जाड प्लॅस्टिक अंथरून त्याखालून हवा ओढतात. सर्वसाधारण घरात हे काम एका दिवसात होते आणि खर्च बहुधा एक ते तीन हजार डॉलरच्या दरम्यान येतो. पाइपवर इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची, रंगीत द्रव भरलेली नळी असते. दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली तर पंखा बंद पडला आहे असे समजावे. गॅसवर चालणारी फर्नेस किंवा वॉटर हीटर बेसमेंटमध्ये असेल, तर नव्या ओढीमुळे त्यांचा धूर आत परतत नाही ना, हे काँट्रॅक्टरकडून तपासून घ्यावे. आमच्या घरात ही यंत्रणा बसवल्यानंतर रेडॉनची पातळी चारच्या वरून एकच्या खाली आली आणि तेव्हापासून ती तशीच आहे.

केवळ तडे बुजवून काम भागत नाही. काँक्रीटला नव्या फटी पडतात आणि जुन्या सगळ्या सापडत नाहीत. खिडक्या उघडल्या की आकडा उतरतो हे खरे, पण बंद केल्यावर साधारण बारा तासांत तो पुन्हा पूर्वीच्या ठिकाणी येतो, आणि जानेवारीत खिडक्या उघड्या ठेवून कोणालाही राहता येणार नाही. हवा शुद्ध करणारी यंत्रे धूळ गाळतात, रेडॉन वायू गाळत नाहीत. त्यांच्या जाहिरातींवर विसंबून चाचणी टाळलेली घरे मी पाहिली आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

नवे घर बांधून घेणाऱ्यांनी बिल्डरला स्लॅब ओतण्यापूर्वीच गाठावे. खडीचा थर, त्यावर प्लॅस्टिकची चादर, छपरापर्यंत जाणारा उभा पाइप आणि माळ्यावर पंख्यासाठी विजेची जोडणी, इतके आधीच करून घेतले तर नंतर गरज पडल्यास फक्त पंखा लावावा लागतो. भाड्याच्या घरात किंवा टाउनहाउसमध्ये राहणाऱ्यांनीही चाचणी करावी. तिसऱ्या मजल्यावरील किंवा त्याहून वरच्या अपार्टमेंटमध्ये जमिनीतील रेडॉन क्वचितच पोहोचतो, परंतु तळमजल्यावरील घराची स्थिती स्वतंत्र घरासारखीच असते. एकाच रांगेतील टाउनहाउसपैकी प्रत्येकाची चाचणी वेगळी करावी लागते. भाडेकरूला पाइप बसवता येत नसला, तरी प्रयोगशाळेचा लेखी अहवाल घरमालकासमोर ठेवता येतो.

यंत्रणा बसवल्यावर चोवीस तास उलटल्यानंतर आणि महिनाभराच्या आत पुन्हा चाचणी करावी, आणि ती शक्यतो काम करणाऱ्या काँट्रॅक्टरकडून न करता दुसऱ्याकडून करून घ्यावी. पुढे दर दोन वर्षांनी, तसेच बेसमेंटचे नवे काम, नवी हीटिंग यंत्रणा किंवा नव्या खिडक्या असा मोठा बदल झाल्यावर ती पुन्हा करावी लागते. हे सर्व अहवाल तारखेसह घराच्या कागदपत्रांत जपून ठेवावेत. न्यू जर्सीत पूर्वी झालेल्या रेडॉनच्या चाचण्यांचे निकाल आणि केलेल्या उपायांची माहिती विक्रेत्याने कराराच्या वेळी खरेदीदाराला देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि पेनसिल्व्हेनियातील विक्रेत्याच्या माहितीपत्रकातही रेडॉनविषयी प्रश्न असतो. तुम्ही घर घेतले असेल आणि हे कागद तुम्हाला मिळालेले नसतील, तर आधीच्या मालकाकडे ते मागावेत आणि मिळाले तरीही या हिवाळ्यात स्वतःची चाचणी सुरू करावी.